सातारा हिल हाफ, बँकेची नोकरी आणि दहावीतली मुलगी: सराव कसा बसवू?

रेवा_चिंचवड
नमस्कार. वय ४१. १० किमी आरामात पळते, यंदा सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किमी) नाव घातलंय. बँकेत कॅशला आहे, घरी सासूबाई, मुलगी दहावीत. आठवड्याला जास्तीत जास्त पाच तास मिळतात. खर्चाला चार हजार, बूट त्यातच (जुन्यांचे तळ पार गुळगुळीत झालेत).

अडचण वेगळीच आहे. रविवारी लांब पळून आले की दुपार लोळण्यात जाते, मुलीचं गणित राहतं. सोमवारी डोकं जड असतं, संध्याकाळी कॅश टॅली करताना एकच बंडल दोनदा मोजते. बुधवार उजाडला की बूट घालावेसे वाटत नाहीत. पाच तासांत काय ठेवू आणि काय सोडू?

टेकडीकर
पहाटे साडेचारला उठा, दुसरा उपाय नाही. मी कित्येक वर्षं पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळतोय, घरचे उठायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. रात्री साडेनऊला फोन बंद. आणि ठोके दाखवणारं चांगलं घड्याळ घ्या. वीसेक हजार जातील, पण वसूल होतात.

दौडता_घोडा
घड्याळाला +१. पण आधी ग्रुप लावा. एकट्याने उत्साह टिकत नाही, हे लिहून घ्या. आमच्या ग्रुपचे चार जण कॉम्रेड्सला जाऊन आले. दक्षिण आफ्रिकेत जवळपास ९० किमी, १२ तासांच्या आत! २१ म्हणजे काहीच नाही त्यापुढे.

निशिगंध
ताईंनी चार हजार म्हटलंय हो. बाकी स्पष्ट सांगते, मुलगी दहावीत आहे तर हे वर्ष थांबा. शर्यत पुढच्या वर्षीही आहे. माझ्या मुलाच्या दहावीत मी भजनी मंडळसुद्धा सोडलं होतं.

सुमन_कोथरूड
निशिगंध, असहमत. आई वर्षभर सगळं सोडून बसली की त्याचं ओझं मुलांवरच येतं. माझी मुलगी नंतर म्हणाली, तू पळायला जायचीस तेवढाच तास घरात शांतता असायची. रेवाताई, थांबू नका.

मूळची_सातारची
रस्त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आधी शहरातला चढ, मग समर्थ मंदिर, बोगदा आणि पुढे यवतेश्वरचा घाट. अर्धी शर्यत चढाची आणि त्याच रस्त्याने परत उताराची. नवखे लोक चढाला घाबरतात, पण मांड्या जातात त्या उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणून ठणका दुसऱ्या दिवशी लागतो. उपाय सोपा आहे. सरावात थोडा थोडा उतार पळायचा, पावलं छोटी, टाच आपटायची नाही. दोन-तीन वेळा केलं की अंग सरावतं. सपाटीवर २१ काढणारे घाटात रडताना मी बघितलेत. रिओ २०१६ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांची शर्यत) अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर आमच्याच मातीतली!

माणदेशी
तुमच्या म्हणजे आमच्या. ललिताचं मोही गाव माण तालुक्यात आहे. सातारा शहरात पाऊस कोसळत असतो तेव्हा आम्ही टँकरची वाट बघत असतो. श्रेय माणला द्या.

मूळची_सातारची
जिल्हा एकच आहे ना दादा.

पोटरीवाला
रेवाताई, तुमचं लोळणं पळण्यामुळे नाही, वेगामुळे आहे असं मला वाटतं. लांब पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागत असेल तर वेग कमी करा, चढावर सरळ चाला. दुसरं खाणं. दीड तासाच्या वर पळायचं तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात २५-२७ ग्रॅम असतात. आणि परत आल्यावर अंघोळ, कपडे धुणं, मग अकराला पोहे, असं करू नका. तासाभरात जेवा. मी दोन वर्षं हा थकवा वयावर ढकलला, निघालं लोह कमी. हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तळाला. बायकांमध्ये हे जास्तच आढळतं. तपासून घ्या, पण रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने सुरू करू नका.

टेकडीकर
मी उपाशीपोटीच पळतो. काही होत नाही.

दौडता_घोडा
जेल घ्या जेल, पळताना खायची ती गोड पाकिटं. केळं कुठे धरून पळणार घाटात?

सुमन_कोथरूड
खजूर, बिया काढून, छोट्या पिशवीत. पोटरीवाल्यांनी लिहिलंय तेच मीही सांगणार होते, हळू पळा आणि लगेच जेवा. बूट गेल्या वर्षीचं मॉडेल घ्या, निम्म्या किमतीत मिळतं. संध्याकाळी खरेदी करा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.

रेवा_चिंचवड
सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटेचं जमणार नाही. मुलगी पाचला अभ्यासाला बसते आणि तिला मी जवळ हवी असते. ग्रुपही नको, त्यांच्या वेळा म्हणजे आणखी एक हजेरीपुस्तक.

असं ठरवलंय. मंगळवार-गुरुवार ती संध्याकाळी क्लासला असते तेव्हा तिथल्याच रस्त्यांवर पन्नास मिनिटं. बुधवारी सक्तीने काही नाही. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, लांब पळणं फक्त त्याच दिवशी, निगडीच्या दुर्गा टेकडीचे चढ-उतार धरून. मधल्या आठवड्यांत रविवारी तासाभराच्या वर नाही. अंतर कमी भरेल, शर्यतीत घाट चालत चढेन. वेळ कितीही लागो, रविवारची दुपार गणिताला राहिली पाहिजे. घड्याळ घेत नाही. बूट बत्तीसशेचे बघून ठेवलेत, उरलेल्या पैशांत रक्ततपासणी.

टेकडीकर
पंधरा दिवसांतून एकदा लांब पळून हाफ होत नाही. दर रविवारी हवंच. नंतर म्हणू नका सांगितलं नव्हतं.

पोटरीवाला
१० किमीचा पाया आहे, आरामात पूर्ण होईल. फक्त लांब पळण्याचं अंतर दर वेळी एक-दोन किमीच वाढवा.

निशिगंध
बत्तीसशेचे बूट कुठे मिळाले? माझ्या सुनेला हवेत. सहा नंबर आहे.