प्रतिसाद: बेस गॅस्केट काढून एक्झॉस्ट १ मिमी उचलावा का?

वरचा सल्ला असा की हस्कवर्णा ३७२ एक्सपी या टू-स्ट्रोक चेनसॉचा (५० मिमी बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३६ मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल) बेस गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या बुडाखालची पट्टी, काढा आणि एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जायचं भोक) १ मिमी वर घासा. यात ट्रान्सफरचा, म्हणजे ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या पोर्टचा, विचार सुटलाय.

गॅस्केट ०.५ मिमीचा धरला, तर सिलिंडर तेवढा खाली बसतो. एक्झॉस्ट क्रँकच्या फिरण्यात साधारण पावणेदोन अंश उशिरा उघडतो, ट्रान्सफर दोन अंश. आता एक्झॉस्ट १ मिमी उचलला आणि ट्रान्सफर तसेच ठेवले, तर ब्लोडाऊन (एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचं अंतर) जवळपास चार अंशांनी वाढतो. आरपीएम चढतील, पण जाड ओंडक्यात ओढ कमी पडेल. लाकूड कापणाऱ्याला ओढच हवी असते! माझ्या मते एक्झॉस्टचं छत अर्धा मिमीच उचला, म्हणजे एक्झॉस्टचं मूळ टायमिंग परत मिळेल. रुंदी वाढवा, पण बोअरच्या ६५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ३२ मिमीपर्यंत. पिस्टनच्या रिंगची टोकं जिथून सरकतात तिथे हात लावू नका.

त्याआधी गॅस्केटशिवाय स्क्विश (पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचं छत यांतली फट) मोजा: गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंनी सोल्डर तार घालून. ०.५ मिमीपेक्षा कमी आला तर गॅस्केट राहू द्या, नाहीतर वेगात पिस्टन वर आपटेल. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) असताना स्कर्टखालून (पिस्टनच्या खालच्या कडेखालून) एक्झॉस्टची फट दिसत नाही ना, हेही बघा.

घासल्यावर पोर्टची कड डायमंड बरने (हिऱ्याची पूड लावलेल्या घासायच्या टोकाने) हलकी गोल करा. तीक्ष्ण कडेत रिंग अडकून तुटते, सिलिंडरच्या आतल्या प्लेटिंगचे टवके उडतात. गॅस्केटच्या जागी सीलंटचा पातळ थर हवाच. तिथून हवा ओढली की मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन जाम होतो.