ई ड्राइव्हचा एफ झाला आणि केंद्र मुकं झालं – गाण्यांची लायब्ररी लावायची कशी?

सकाळची_पाळी:
नमस्कार. आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, ५० वॉटचा ट्रान्समीटर, तालुक्याच्या गावी. मी सकाळची पाळी बघते, आणि "हिला कॉम्प्युटर येतो" म्हणून लायब्ररीही माझ्याच गळ्यात पडली.

परवा ६:४० ला शेतीसल्ला संपला आणि पुढचा अभंग लागेचना. प्लेलिस्टमध्ये नावं दिसतायत, एकेक ओळ लाल होतेय आणि सॉफ्टवेअर आपलं पुढंपुढं पळतंय. चार मिनिटं केंद्र गप्प. पहिला फोन दूध डेअरीवरून, "ताई, लाइट गेली का तुमच्याकडं?" शेवटी माइक उघडला आणि पंचांग वाचत बसले. नंतर कळलं, आदल्या रात्री कुणीतरी गाण्यांची हार्ड डिस्क काढून पेनड्राइव्ह लावला होता. ई अक्षर त्यानं घेतलं, आणि डिस्क परत लावली तेव्हा ती ई ची एफ झाली. प्लेलिस्ट बिचारी ई मध्येच शोधतेय. शेतीसल्ला सी ड्राइव्हवर होता म्हणून तेवढा वाजला.

पण खरं दुखणं जुनंच आहे. ११ हजार गाणी. 'ज्ञानेश्वर' कुणी डीएनवायने लिहिलंय, कुणी जीवायने, कुणी जेएनने. ३४० फायलींचं नाव नुसतं 'ट्रॅक ०१'. एक जुनी यादी आहे, पण ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, उघडली की नुसते किडेमकोडे. त्यात एका निवृत्त गुरुजींनी जात्यावरच्या ओव्यांच्या ३८ कॅसेट आणि ६ स्पूल (उघड्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेप) आणून दिलेत. कुठून सुरुवात करू?

लिनक्सवाला_नगर:
आधी आजचं बघा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला हातानं शेवटचं एखादं अक्षर द्या, आर म्हणा, एस म्हणा. मग ती सहसा हलत नाही. प्लेलिस्टमधले जुने पत्ते मात्र एकदा बदलावे लागतील. आणि खरं सांगायचं तर यूएसबीवर लोंबकळणाऱ्या डिस्कवरून प्रसारण करूच नये. डिस्क आत बसवा, बाहेरची फक्त बॅकअपला. सायलेन्स डिटेक्टरही घ्या. ठरवलेले सेकंद आवाज आला नाही की तो दुसऱ्या प्लेअरवर उडी मारतो. पंचांग वाचायची वेळ येणार नाही.

पुढे जमलं तर रिव्हेंडेल बघा, रेडिओ केंद्र चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. गाणं आत घेतलं की ते त्याची प्रत स्वतःच्या गोदामात ठेवतं, नाव फक्त आकडे: सहा आकडी कार्ट नंबर, म्हणजे त्या गाण्याचा, मग कटचा, म्हणजे त्यातल्या तुकड्याचा, तीन आकडी. गाण्याचं नाव, गायक, गीतकार हे सगळं डेटाबेसमध्ये. 'ज्ञानेश्वर' तिथे देवनागरीत एकदाच नीट लिहायचं, फायलीच्या नावाशी संबंधच नाही.

कार्ट हा शब्द जुन्या टेप कार्ट्रिजवरून आलाय. आत टेपचं न संपणारं वेटोळं, आणि एका बाजूच्या पट्टीवर १ किलोहर्ट्झचा न ऐकू जाणारा इशारा. तो आला की मशीन बरोबर जिंगलच्या तोंडाशी येऊन थांबायचं. आता यंत्र गेलं, नाव राहिलं.

स्पूलवाले_काका:
ताई, मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर लायब्ररीत २९ वर्षं काढली. वरच्या भाऊंनी आकड्यांचं सांगितलं ते आम्ही शाई-दौतीनं करायचो. तबकडी असो की टेप, आत आली की आधी रजिस्टर, मग नंबर, मग कपाट. कपाट हललं तर रजिस्टरातला कपाटाचा रकाना खोडायचा, नंबर तोच. तबकडी फुटली तरी तो नंबर दुसरीला द्यायचा नाही, पुढे शेरा लिहायचा 'फुटली'. तुमच्या ११ हजारांना सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी असा नंबर द्या. साधी एक्सेल चालेल. सगळं एका दमात होणार नाही, जे रोज वाजतं त्याच्यापासून धरा.

रकाने किती करायचे याचा उत्साह आवरा. पण एक रकाना हवाच, तो आजकाल कुणी ठेवत नाही: शेवटचे शब्द. आमच्या प्रत्येक टेपच्या डब्यात क्यू शीट असायचं. कालावधी मिनिटं-सेकंदांत, सुरुवातीचे शब्द, शेवटचे शब्द. एका भजनात शेवटी गजर तीनदा होता, प्रत्येक वेळी मध्ये दोन सेकंदांची शांतता. शीटवर 'तिसऱ्या गजरानंतर' असं लिहिलेलं होतं. निवेदक सुट्टीवर म्हणून त्या दिवशी मी बसलो होतो, शीट वाचलं नाही, आणि दुसऱ्याच गजरानंतर फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला. आठवड्यात दोन पोस्टकार्डं. एकात लिहिलं होतं, "विठ्ठलाला मध्येच का हाकललंत?"

आता कॅसेटी. घाईनं प्लेअरमध्ये कोंबू नका.

पहिलं काम, मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा, टेप सैल होते. आत टेपमागे नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. तो दुसऱ्या कॅसेटीतला काढून बसवता येतो. हेड, म्हणजे टेप जिथे घासून वाजते तो भाग, स्पिरिटनं पुसा, दर दोन-तीन कॅसेटींनी. आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू! ज्या टेपरेकॉर्डरवर गुरुजींनी भरलं त्याचं हेड आणि तुमचं हेड एका कोनात नसतं. दोन्ही चॅनेल एकत्र मोनो करून ऐका, स्क्रू केसभर फिरवा, 'स' आणि 'च' जिथे सर्वांत टोकदार ऐकू येतील तिथे थांबा. बांगड्यांचा आवाज असेल तर सोनंच, त्यावर लगेच कळतं. हे प्रत्येक कॅसेटीला नव्यानं करायचं.

कॉम्प्युटरवर भरताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर काही जात नाही हे मला माहीत आहे, पण ही प्रत जपणुकीची, प्रसारणाची नव्हे. स्टिरिओत तासाला साधारण २ जीबी. कॅसेट तासाभराची धरली तर ३८ मिळून ८० जीबीच्या आत. जात्याची घरघर 'नॉइज' म्हणून सॉफ्टवेअरनं पुसू नका हो. तोच ठेका आहे त्या बायकांचा.

स्पूल मात्र हाती आले की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ते वेगळे ठेवा, बाकीच्यांजवळ नको. फिरवताना किंचाळले किंवा हेडवर चिकट काळं साठलं तर तिथल्या तिथे थांबवा. घरी ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ बघून काही करू नका, जाणत्याकडे द्या. आणखी एक. गुरुजींचं मशीन घरगुती असणार, त्यात टेपच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू, अर्ध्यावर दुसरी. आकाशवाणीतल्या पूर्ण रुंदीच्या हेडवर लावलात तर एक ओवी सुलटी आणि एक उलटी एकदमच ऐकू येईल. भूतबाधा नाही, हेड बदला.

माजी_आरजे_पुणे:
काकांना दंडवत. एकच भर घालतो. नंबर देतानाच वेळेचा गट लावा: भूपाळी, दुपार, अंगाई. आम्ही खासगी एफएमवर होतो तेव्हा गाण्यांचा क्रम लावणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला गायक किती वेळानं परत यावा हे शिकवलं, वेळ शिकवायची राहिली. त्यानं सकाळी अकराला अंगाई लावली. बॉस हसला, जाहिरातदार नाही.

सकाळची_पाळी:
डिस्कला आर दिलं, संध्याकाळपर्यंत सगळं वाजतंय. काका, काल पहिली कॅसेट लावली. स्क्रू फिरवत होते आणि मध्येच एका बाईंनी ओवी थांबवून विचारलं, "झालं का रं दळान?" हे शेवटच्या शब्दांत धरायचं की मध्ये?

स्पूलवाले_काका:
तिथे कट दोन करा. नंबर एकच. आणि शेऱ्यात त्या बाईंचं गाव गुरुजींना आजच विचारून लिहा.