संगीताच्या ओढीने परदेशी नोकरी : तुमचे अनुभव लिहा

मी नाशिकची. दिवसा बँक, संध्याकाळी पियानो. ट्रिनिटीच्या (लंडनच्या संगीत परीक्षा) आठव्या ग्रेडपर्यंत झालं आहे. हल्ली डोक्यात एकच भुंगा आहे : जिथे हे संगीत रोज वाजतं तिथे जाऊन राहावं, पोटापाण्याचंही तिथेच बघावं. घरचे म्हणतात, छंदापायी कुणी देश सोडतं का! इथे असं केलेले, किंवा करता करता राहिलेले, बरेच असतील. काम काय मिळालं, कागदपत्रांचं काय झालं, मनासारखं झालं का, सगळं लिहा. 'स्वप्नांचा पाठलाग करा' छापाचे सल्ले नकोत, ते आमच्या मॅनेजरकडून भरपूर मिळतात.

सागरगोटा
मूळ सावंतवाडी, गिटार पणजीत शिकलो. क्रूझवर शोबँडमध्ये वाजवतो, सध्या सुट्टीवर घरी. लोकांना वाटतं रोज पार्टी. प्रत्यक्षात दुपारी पाहुणा गायक येतो, हातात नोटेशनची चळत ठेवतो, जेमतेम तालीम होते आणि रात्री भरलेल्या थिएटरात शो. कानातल्या इअरफोनमध्ये लय धरून देणाऱ्या क्लिकची टकटक चालू, त्यामुळे लय इकडेतिकडे करायची सोय नाही. आपल्याकडे कानाने उचलून वाजवणारे एकाहून एक आहेत, पण ऑडिशनला नवा कागद समोर आला की भलेभले अडकतात. गोव्याची पोरं या धंद्यात पूर्वीपासून पुढे आहेत, कारण चर्चच्या शाळेत त्यांच्याकडून लहानपणीच सोल्फेज (नोटेशन बघून डो-रे-मी गाणं) घोटून घेतलं जायचं.

वादक असलात तरी कागदावर तुम्ही खलाशीच. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) हवं, अमेरिकेच्या बंदरांसाठी सी-वन/डी हा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा हवा, आणि एसटीसीडब्ल्यूचं म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचं ट्रेनिंग : आग विझवा, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारा. आणीबाणीत माझी ड्यूटी जिन्यावर उभं राहून प्रवाशांना वाट दाखवायची आहे, गिटार गेली खड्ड्यात. केबिन दोघांत, खिडकी नाही. तरीही पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं की मी बॅग भरणार.

उभ्याउभ्या
मला सा नीट लावता येत नाही, तरी या धाग्यात बसतो असं वाटतं. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो. हातात दोन ऑफर होत्या, दुसरीकडे पगार बरा होता. व्हिएन्ना घेतलं ते निव्वळ ऑपेरासाठी. ऑफिसात हे कारण सांगितलं नाही, वेड्यात काढलं असतं.

इथल्या श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहामध्ये उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं असतात. आत शिरलं की कठड्याला आपला मफलर बांधायचा, ती जागा तुमची. मग खुशाल बाहेर फिरून या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सप्टेंबर ते जून जवळपास रोज प्रयोग, आणि खाली, रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत जे वादक असतात त्यांच्यातूनच व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद बनतो. वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा असला की मध्यंतरं धरून चार-पाच तास. पायांचे तुकडे पडतात.

अडचण झाली ती दाद द्यायची. सवाईला मांडी घालून बसायची आणि मनापासून 'क्या बात है' म्हणायची सवय. इथे एका जागेवर नकळत हात वर गेला, तोंडून 'आहा' निघालं. शेजारच्या आजींनी असं काही पाहिलं की उरलेला अंक हात खिशात घालून ऐकला. नोकरीचं विचाराल तर काम हिंजवडीइतकंच कंटाळवाणं आहे. पण वेळेवर सुटतो, आणि ट्रामने थिएटर जवळ.

काळी चार
न्यू जर्सी, नवऱ्यामागे एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर. विशारद होते, वाटलं गाण्याचा वर्ग काढू. पण एच-फोरवर फी घेऊन शिकवणं हेसुद्धा कामच, ते चालत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला, मग माझं ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, आलं. तोवर मंडळाच्या गणपतीत गा, मैत्रिणींच्या मुलांना फुकट शिकव, असंच चाललं होतं. आता बेसमेंटमध्ये शनिवारी वर्ग भरतो. पालकांचा पहिला प्रश्न, सर्टिफिकेट मिळतं का? हिवाळ्यात हीटर लागला की हवा कोरडी होते आणि तबल्याचा सूर चढतो. साथीदार हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो, तेवढ्यात मुलांचे फोन बाहेर. यमनची एक बंदिश जरा अंगात भिनते न भिनते तोच सॉकरचा सीझन सुरू.

पैसे बरे मिळतात. स्वतःचा रियाज मात्र पार मागे पडला, आणि त्याचं दुःख मला घरातल्या कुणालाही समजावून सांगता आलेलं नाही.

मध्यलय
शिकायच्या वाटेने जाणार असाल तर थोडं रुक्ष बोलतो. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची मुभा, १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना आणखी २४. पियानोवादन स्टेममध्ये बसत नाही. म्युझिक टेक्नॉलॉजीचे काही कोर्स बसतात, ते कॉलेजकडून लेखी घ्या. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागू झाले. खरी चाळणी प्रवेशपरीक्षेची, एकेका जागेसाठी जगभरचे पियानोवाले येतात. भाची देऊन आली, नाही झालं. पुण्यात शिकवते, मजेत आहे.

नाशिकची (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. सागरगोटा, क्रूझसाठी एका एजंटशी बोलले तर तो आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे भरा म्हणतोय. असंच असतं का?

सागरगोटा
अजिबात नाही, फोन ठेवा. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, नंबर मागा आणि त्यांच्या साइटवर तपासा. पासपोर्ट, मेडिकल वगैरे आपल्या खिशातून. पियानोवाल्यांना लाउंजमध्ये एकट्यानेही काम असतं, सोबत गाता आलं तर सोन्याहून पिवळं. तुम्ही गाता का? आणि नवा कागद समोर ठेवला तर न थांबता शेवटापर्यंत जाता का, ते खरं सांगा.