‘तोसा’ बुडवली ते बरंच झालं! (पटत नसेल तर या मैदानात)

हिशेबनीस (धागाकर्ता):
परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं की १९२२चा वॉशिंग्टन नाविक करार (बड्या देशांनी किती युद्धनौका ठेवायच्या ते ठरवणारा) म्हणजे अमेरिका-ब्रिटननं जपानला घातलेली टोपी. पुरावा काय, तर ‘तोसा’ ही करारापायी अर्धवट राहिलेली आणि शेवटी बुडवलेली जपानी युद्धनौका. तिथे भांडण फार लांबलं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तोसा नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत १९२० साली बांधायला घेतली. ४१ सेंटिमीटरच्या दहा तोफा, लांबी २३० मीटरच्या वर. १८ डिसेंबर १९२१ला पाण्यात उतरवली. गंमत अशी की त्याच्या पाच आठवडे आधीच, १२ नोव्हेंबरला, वॉशिंग्टन परिषदेच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज यांनी कुठल्या देशानं कुठली जहाजं मोडायची ते नावानिशी वाचून दाखवलं होतं. त्यात स्वतःची ३० होती आणि जपानच्या नावावर तोसाही होती. म्हणजे बारशाआधीच यादीत नाव! ५ फेब्रुवारी १९२२ला काम थांबलं, दुसऱ्या दिवशी करारावर सह्या झाल्या.

आता माझं म्हणणं. १९२१ साली जपानच्या सरकारी खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या नौदलावर जात होता. आठ युद्धनौका आणि आठ बॅटलक्रूझर (तेवढ्याच मोठ्या पण जास्त वेगवान नौका) असा त्यांचा ‘आठ-आठ’ बेत होता. तो तडीस गेला असता तर आधी तिजोरी बुडाली असती. हे ओळखलं जपानचे नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो यांनी. ते कोणी बोटचेपे मुत्सद्दी नव्हते. रशियाविरुद्धच्या १९०५च्या त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल तोगोंचे चीफ ऑफ स्टाफ होते. लढाई जवळून पाहिलेल्या माणसानं अंथरूण पाहून पाय पसरायचं ठरवलं, याला मी हार म्हणत नाही.

दर्यावर्दी:
असहमत, आणि जोरात असहमत. अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्या युद्धनौकांचं ५:५:३ हे प्रमाण ठरलं कसं ते लिहायला सोयीस्करपणे विसरलात! जपान मागत होता अमेरिकेच्या १० ला ७. अमेरिकेचा हर्बर्ट यार्डली आणि त्याची माणसं टोकियोच्या गुप्त तारा उलगडून वाचत होती. जपान शेवटी ६ वर येईल हे ह्यूजसाहेबांना आधीच ठाऊक होतं. समोरच्याच्या पाठीमागे आरसा ठेवून तीनपत्ती खेळायची आणि मग म्हणायचं, बघा किती समंजस तडजोड झाली. याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

आणि त्या जहाजाचं नशीबच फुटकं. जपानमध्ये जहाज पाण्यात सोडताना कागदी पट्ट्या भरलेला मोठा गोळा टांगतात, तो फुटून रंगीत कागद उधळले जातात. तोसाच्या वेळी तो उघडलाच नाही म्हणतात. आमच्या बंदरात नवी होडी लोटताना नारळ फुटला नाही तर म्हातारे खलाशी दिवसभर तोंड उघडत नाहीत. नागासाकीत काय झालं असेल ते मला दिसतं.

हिशेबनीस:
नारळ राहू द्या, कलम १९ वाचा. फिलिपिन्स आणि ग्वाममध्ये अमेरिकेनं, हाँगकाँगमध्ये ब्रिटननं नवी तटबंदी करायची नाही, असं त्यात कबूल करून घेतलंय. अमेरिकेला दोन महासागर सांभाळायचे, ब्रिटनला अर्धं जग. जपानला एकच कोपरा. त्या कोपऱ्यात ५ पैकी ३ म्हणजे घरच्या मैदानावर वरचढच. तारा वाचल्या हे खरं, पण पदरात काय पडलं तेही बघा ना.

तोफखाना:
दोघांचंही राजकारण चालू द्या. बुडण्याआधी तोसानं जे केलं ते कोणीच का लिहीत नाही?

करारानुसार ती मोडीतच जायची होती, पण जपानी नौदलानं तिला आधी निशाण्यासाठी वापरून घेतलं. १९२४ साली कुरे या नौदलतळाच्या भागात चाचण्या झाल्या. एक ४१ सेंटिमीटरचा गोळा जहाजाच्या सुमारे २५ मीटर अलीकडेच पाण्यात पडला. बघणाऱ्यानं ‘चुकला’ म्हणून वहीत नोंद केली असती. पण गोळा पाण्याखालून सरळ पुढे गेला, चिलखताच्या पट्ट्याखाली, पाण्याच्या रेषेपासून साधारण सव्वातीन मीटर खोल घुसला आणि इंजिनखोलीत फुटला. सुमारे ३,००० टन पाणी आत आलं.

त्यावरून जपान्यांनी मुद्दाम पाण्याखालून धावणारा गोळा बनवला, १९३१चा ‘टाइप ९१’. टोपण पाण्यावर आपटताच निघून पडायचं, पुढे चपटं डोकं राहायचं आणि फ्यूज (गोळा फोडणारी कळ) मुद्दाम उशिरा पेटणारा. ऑक्टोबर १९४२मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटाजवळ अमेरिकेच्या ‘बॉइसी’ क्रूझरला (मध्यम आकाराच्या लढाऊ नौकेला) असाच एक ८ इंची गोळा पाण्याखालून थेट दारूगोळ्याच्या कोठारात लागला. शंभरावर माणसं गेली. जहाज वाचलं कशानं? त्याच भोकातून आत आलेल्या समुद्राच्या पाण्यानं आग विझली!

उलटी बाजूही सांगतो. उशिरा पेटणाऱ्या फ्यूजमुळे पातळ पत्र्याच्या जहाजांतून हे गोळे न फुटताच आरपार जायचे. १९४४ला फिलिपिन्समधल्या समर बेटाजवळच्या लढाईत अमेरिकेच्या छोट्या विमानवाहू नौकांना याचाच फायदा झाला. एका नशीबवान गोळ्यावर सगळ्या नौदलाच्या दारूगोळ्याचं धोरण बेतलं की असं होतं.

पुणेरी_काटा:
जपान-अमेरिका वाटून घेतलंत, पण त्या करारावर हिंदुस्थानच्या वतीनं कोणाची सही आहे माहितेय का? श्रीनिवास शास्त्री. नामदार गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले ते. म्हणजे पत्ता पुणे! ज्या देशाकडे स्वतःची एक युद्धनौका नाही त्याच्या प्रतिनिधीनं जगातल्या युद्धनौका किती असाव्यात यावर सही करायची. याला विनोद म्हणायचं की साम्राज्य, तुम्हीच ठरवा.

दारुखाना:
मी वाढलो जहाजं तोडतात त्या भागात, म्हणून एक शंका. पाण्यात सोडलेला, आत यंत्रं बसवायची जागा तयार असलेला सांगाडा बुडवणं म्हणजे शहाणपण कसं काय? अर्धवट जहाज म्हणजे भंगार नव्हे हो. आपली जुनी ‘विक्रांत’ काय होती? ब्रिटिशांची ‘हर्क्युलीस’. १९४५ला पाण्यात सोडली, महायुद्ध संपलं, काम थांबलं. वर्षानुवर्षं तशीच पडून होती. १९५७ला आपण घेतली, १९६१ला नौदलात आली आणि १९७१ला तिच्यावरून विमानं उडाली. २०१४ला आमच्या मुंबईच्या दारुखान्यातच तिला गॅसकटर लागला. गेटाबाहेर उभं राहून बघितलंय मी. पत्रा कापताना आधी रंग पेटतो, त्याचा वास घरापर्यंत यायचा.

दर्यावर्दी:
दारुखानाभाऊ, तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. तोसाची जुळी ‘कागा’, तिचं नेमकं हेच झालं. आणि तेही योगायोगानं. करारात दोन सांगाड्यांच्या विमानवाहू नौका करायची मुभा होती. जपाननं ‘आकागी’ आणि ‘आमागी’ निवडल्या. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आमागीचा सांगाडा मोडला, म्हणून कागाची वर्णी लागली. पर्ल हार्बरला याच कागा-आकागी होत्या. म्हणजे धागाकर्ते, तुमच्या शांतता करारानंच जपानला युद्धनौकेकडून विमानाकडे ढकललं. अमेरिकेच्या ‘लेक्सिंग्टन’ आणि ‘सॅराटोगा’ही अशाच मोडीतून उठलेल्या. शर्यत थांबली नाही, फक्त मैदान बदललं. वर १०,००० टनी क्रूझर्सची नवी चढाओढ सुरू झाली ती वेगळीच.

हिशेबनीस:
क्रूझर्सचा मुद्दा मान्य. तिथे करारात भोक होतं, आणि ते बुजवायला १९३०ला लंडनला पुन्हा बसावं लागलं.

पण विमानवाहू नौकांचं खापर करारावर नको. विमानं येणारच होती. आणि ज्या नौकेसाठी जपाननं परिषदेत सगळ्यात जास्त ताणून धरलं, त्या ‘मुत्सू’चं काय झालं? तीही मोडायच्या यादीत होती, जपाननं हट्टानं सोडवली. बदल्यात अमेरिकेला दोन आणि ब्रिटनला दोन जास्तीच्या द्याव्या लागल्या. जून १९४३मध्ये जपानमध्येच हाशिराजिमा बेटाजवळ नांगर टाकून उभी असताना आतल्या स्फोटानं फुटली. हजारावर माणसं बंदरात मेली. तोसा ९ फेब्रुवारी १९२५ला बुंगो सामुद्रधुनीत रिकामीच खाली गेली.

तोफखाना:
हा हिशेब मात्र चुकीचा. मुत्सूचा स्फोट काय करारामुळे झाला नाही.

हिशेबनीस:
बरं, तेवढं वाक्य मागे. धागा नाही.

पायाला_चक्र:
उशिरा आलो. कामानिमित्त नागासाकीला होतो तेव्हा हाशिमा बेटावर गेलो होतो. बोटीनं पाऊण तासाच्या आतच. कोळशाच्या खाणीचं बेट, १९७४ला खाण बंद झाली आणि सगळे निघून गेले. चारी बाजूंनी उंच भिंत, आत एकाला एक चिकटलेल्या काँक्रीटच्या चाळी. टोपणनाव ‘गुंकानजिमा’, म्हणजे युद्धनौका-बेट. लांबून तोसासारखं दिसतं असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं आणि नाव चिकटलं.

आमच्या बोटवाल्यानं एका ठरावीक जागी इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना एका बाजूला बोलावलं. तिथून खरंच पुढे निमुळतं टोक, मधे मनोरा, मागे उतार. दोन मिनिटांनी प्रवाहानं बोट जरा फिरली आणि परत नुसत्या पडक्या इमारती.

दर्यावर्दी:
फोटो आहे का? त्या जागेवरूनचाच हवा.