मराठी माध्यमातून दहावीचा इंग्रजीचा पेपर : खानदेशातील अनुभव

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील शाळा दहावीच्या परीक्षेसाठी नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी हा विषय तृतीय भाषा म्हणून असतो. लेखी परीक्षा 80 गुणांची आणि शाळेकडील अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचे. कागदोपत्री ती तिसरी असली, तरी ज्या घरात अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलली जाते, त्या घरातील मुलासाठी तिचा क्रमांक आणखी मागे जातो. या धाग्यात ‘भरपूर वाचा, घाबरू नका’ असा सल्ला कृपया देऊ नये. तो सर्वांना पाठ आहे. कोणत्या प्रश्नासाठी आपण नेमके काय केले आणि त्याचा उपयोग झाला की नाही, एवढे सविस्तर लिहावे. शिक्षकांनी, पालकांनी आणि सतरा नंबरचा (शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षा देण्याचा) फॉर्म भरून बसलेल्यांनीही अवश्य लिहावे.

रावेर तालुका, कृषी पदवीची विद्यार्थिनी

आमच्या वर्गाला सर्वांत जास्त धास्ती होती ती माहितीचे रूपांतर करण्याच्या प्रश्नाची. परिच्छेद दिला असेल तर त्याचा ओघतक्ता किंवा वृक्षाकृती करायची, आणि तक्ता दिला असेल तर त्यावरून परिच्छेद लिहायचा, असा तो प्रश्न असतो. आमच्या मॅडमनी पुस्तक मिटायला सांगितले आणि केळीच्या कापणीच्या दिवशी बागेत काय काय होते, ते क्रमाने विचारले. घड कापले जातात, फण्या वेगळ्या केल्या जातात, तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, डागी माल बाजूला काढला जातो, उरलेला वजन करून खोक्यांत भरला जातो आणि मग गाडी लागते. मुले सांगत गेली आणि मॅडम फळ्यावर एकाखाली एक चौकटी आखून त्यांना बाण जोडत गेल्या. त्यानंतर प्रत्येक चौकटीचे इंग्रजी वाक्य करायचे होते. ‘द बंचेस आर कट’, ‘द फ्रूट इज वॉश्ड’ अशी वाक्ये फळ्यावर उतरली, तेव्हा व्याकरणाच्या तासाला केवळ सूत्र म्हणून घोकलेला कर्मणी प्रयोग कशासाठी असतो, हे मला प्रथम समजले. घड कोणी कापला हे तिथे महत्त्वाचे नव्हतेच. पुढे मी दूध डेअरीचे, मिरची वाळवण्याचे आणि कपाशीच्या जिनिंगचे असेच तक्ते स्वतः केले. परीक्षेत विषय वेगळा आला, परंतु सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला नाही.

भुसावळ, रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा

आमचे बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले. स्थानकावरील पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असतात आणि उद्घोषणाही तिन्ही भाषांत होतात. त्यामुळे एकच मजकूर तीनदा ऐकण्याची सवय आम्हांला न मागता लागली होती. दहावीच्या वर्षी आमचे सर आम्हांला एक गृहपाठ देत असत : स्थानकावरील एखादी इंग्रजी सूचना जशीच्या तशी उतरवून आणायची आणि तिचा अर्थ इंग्रजीतच, सोप्या वाक्यांत लिहायचा. अंतर्गत मूल्यमापनातील श्रवण आणि संभाषणासाठी याचा चांगला फायदा झाला. मात्र लेखी पेपरमधील पत्रलेखनाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. उद्घोषणेच्या भाषेत पत्र लिहिले, तर ते विनंतीपेक्षा हुकूमच वाटते.

अमळनेर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका

भुसावळच्या दादांचे म्हणणे योग्य आहे. पत्रासाठी वेगळीच तयारी लागते. परंतु त्याआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी आपल्याकडील पुष्कळ घरांत तयारी अजून जुन्या पद्धतीनेच चालते : गाइडमधून धड्याखालची उत्तरे पाठ करायची आणि निबंध घोकायचे. वास्तविक कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातील उतारा समोर छापलेला असतो, उत्तराचा बराचसा भाग त्यातच असतो, आणि पुस्तकाबाहेरचे उतारे तर मुलांनी पूर्वी पाहिलेलेच नसतात. पाठ केलेले उत्तर तिथे लिहिणार कुठे?

माझ्या वर्गात न पाहिलेल्या उताऱ्यासाठी मी एक नियम केला होता. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचे नाही आणि अडलेल्या शब्दापाशी थांबायचे नाही. उतारा कोणाविषयी आहे आणि शेवटी काय घडले, एवढे मराठीत किंवा अहिराणीत सांगता आले, तरच दुसरे वाचन करायचे. सुरुवातीला मुले अहिराणीत सांगायला लाजत असत. शाळेत अहिराणी बोलू नये, असे त्यांना घरूनच शिकवलेले असे. ती भीड एकदा मोडली की आकलन आपोआप पुढे सरकत असे, कारण उतारा समजला आहे की नाही, हे मला आणि त्यांना लगेच कळत असे.

कवितेच्या रसग्रहणाबाबतही असेच झाले. यमकरचना ओळखताना मुले शेवटच्या अक्षरांची स्पेलिंग जुळवत बसतात. श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांत यमक कुठे जुळते, हे ज्या मुलांना कानानेच कळते, त्यांनी इंग्रजी कवितेत मात्र डोळ्यांवर विसंबावे, याचे मला नेहमी नवल वाटे. ‘हाय’ आणि ‘स्काय’ यांची स्पेलिंग मुळीच जुळत नाही, तरी यमक जुळते. म्हणून प्रत्येक कविता मी प्रथम मोठ्याने म्हणवून घेत असे. परीक्षागृहात मोठ्याने म्हणता येत नाही, हे खरे. पण तोपर्यंत मनातल्या मनात उच्चार करण्याची सवय झालेली असते.

आता पत्राविषयी. पत्ता, तारीख, विषय, मायना आणि शेवट हा सांगाडा बहुतेकांना येतो. मधला मजकूर मात्र एकाच साच्यातून काढलेला असतो. म्हणून मी मुलांना गावातील खऱ्या अडचणीवर पत्र लिहायला लावत असे. नळाला कोणत्या वेळी पाणी येते, किती दिवसांआड येते, म्हाताऱ्या माणसांना ते कुठून भरून आणावे लागते, असा एकेक तपशील एकेका वाक्यात यायला हवा. तपशील मुलाच्या माहितीचा असला की वाक्य लहान होते, आणि लहान वाक्यात चुका कमी होतात.

धुळे, खासगी शिकवणी घेणारे शिक्षक

मॅडमच्या अनुभवाबद्दल आदर बाळगून एक वेगळे मत मांडतो. गाइडला सरसकट दोष देणे मला पटत नाही. ज्या गावात इंग्रजीचे पद वर्षभर रिकामे असते आणि गणिताचे सर इंग्रजीचा तास घेतात, तिथल्या मुलाच्या हाती नमुना उत्तर देणारे दुसरे काय असते? माझा अनुभव असा आहे की गाइडमधील पत्र आधी वाचायचे, मग झाकून ठेवायचे आणि तोच विषय स्वतःच्या गावाचा करून लिहायचा; मुलगा असे करणार असेल, तर गाइड त्याला तारते. प्रश्न गाइडचा नाही, ते झाकण्याचा आहे.

धडगाव परिसर, आश्रमशाळेचा माजी विद्यार्थी

आमच्या घरी पावरी बोलतात. मराठी मी शाळेतच शिकलो. त्यामुळे इंग्रजी आमच्यासाठी सर्वांत अवघड होती, असा समज करून घेऊ नये. गुण आमचे जात होते ते भाषांतराच्या प्रश्नात, आणि तेही मराठी बाजूने. इंग्रजी वाक्य समजत असे, परंतु मराठीत लिहिताना ‘ती आला’, ‘तो आली’ असे होऊन जात असे. आमच्या सरांनी त्यावर उपाय म्हणून भाषांतराचा सराव इंग्रजीच्या आणि मराठीच्या सरांनी मिळून तपासायचा, असे ठरवले. एकाच वहीवर दोन रंगांच्या खुणा येत. निळी खूण अर्थाची असे आणि हिरवी मराठीची. माझ्या वहीत हिरव्या खुणा अधिक असत.

एरंडोल तालुका, सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावी उत्तीर्ण झालेली गृहिणी

नववीनंतर माझे शिक्षण थांबले आणि मुलगी दहावीत गेली त्या वर्षी मीही फॉर्म भरला. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे दिवसा पुस्तक हाती घेणे शक्य नव्हते. रात्री मुलगी शब्द वाचून दाखवत असे आणि मी भाकरी थापता थापता त्याचे वाक्य करत असे. चुकले की ती मला माझ्याच सुरात रागावत असे. मला एकच सांगायचे आहे. मोठ्या वयात बसणाऱ्या बायकांनी लिहिण्याचा सराव सर्वांत आधी सुरू करावा. तोंडी येणारे पुष्कळ असते. तीन तास पेन धरणे हातालाच माहीत नसते.

शिरपूर, 2022 मध्ये दहावी

ताईंचे म्हणणे आमच्या संपूर्ण तुकडीला लागू होते. 2021 ची परीक्षा रद्द झाली होती आणि आमच्या वेळी लेखी पेपरला अर्धा तास जास्त मिळाला. तो अर्धा तास विचार करण्यात नाही, बोटे मोकळी करण्यातच अधिक गेला, कारण त्याआधीचा बराच काळ आम्ही मोबाइलवर नुसते ऐकत होतो.

साक्री, पालक

मॅडम, मुलगा कृतिपत्रिका सोडवताना पहिल्या प्रश्नापासून क्रमाने जातो आणि शेवटचे लेखनाचे प्रश्न घाईत उरकतो. त्याला क्रम बदलायला सांगावे का?

अमळनेर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका

भाऊ, क्रम बदलायला हरकत नाही, परंतु परीक्षेच्या दिवशी प्रथमच बदलू नये. घरी घड्याळ लावून पूर्ण कृतिपत्रिका सोडवताना त्याने पत्र आणि माहितीचे रूपांतर आधी लिहून पाहावे, कारण तिथे उत्तर समोर छापलेले नसते आणि थकलेल्या डोक्याला वाक्ये सुचत नाहीत. उताऱ्यावरच्या कृती नंतर केल्या तरी उतारा जागचा हलत नाही. फक्त प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक समासात स्पष्ट घालायला सांगावे. क्रम बदलणारी मुले नेमके तेच विसरतात, आणि तपासणाऱ्याला उत्तर कशाचे आहे ते शोधत बसावे लागते.