तीनशे मीटरमध्ये सात सारखी किराणा दुकाने: आमच्या पसऱ्याने (छोट्या दुकानाने) काय करावे?

प्रश्न (फोंडा, गोवा)

फोंडा शहरालगतच्या आमच्या वसाहतीत बाबांचा पसरो १९९८ पासून चालू आहे आणि पहिली वीसेक वर्षे परिसरात तेवढे एकच किराणा दुकान होते. पुढे नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर गाळे निघाले, आणि आज मुख्य रस्त्याच्या जेमतेम तीनशे मीटरच्या पट्ट्यात आमच्यासह सात दुकाने आहेत. सातही ठिकाणी दारात चिप्सच्या माळा, कडेला थंड पेयांचा फ्रीज आणि गल्ल्यामागे तीच बिस्किटे, तेच साबण. पूर्वी पहाटे आमच्याकडे दुधाचे सहा क्रेट उतरत. आता दोन उतरतात, आणि त्यांतल्याही उरलेल्या पिशव्या संध्याकाळी घरी आणून आई दही लावते.

नवे दुकानदार आमचे वैरी नाहीत. त्यांच्यापैकी दोघांनी नोकरी सुटल्यावर घरातले दागिने गहाण ठेवून गाळा घेतला आहे, आणि दुपारी तेही आमच्यासारखेच गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले दिसतात. आता आठव्या दुकानाचे फर्निचर सुरू झाले आहे. पंचायतीकडे अर्ज करून त्याचा परवाना थांबवता येईल का? आणि प्रत्येक जण तोच माल का ठेवतो?

उत्तर १ (माजी पंच, बार्देश)

अर्ज अवश्य करता येईल, परंतु ‘येथे आधीच पुष्कळ दुकाने आहेत’ एवढ्या कारणावर तो टिकणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावरचे निर्बंध सार्वजनिक हिताचे व वाजवी असावे लागतात. जुन्या दुकानाचा धंदा सांभाळणे हे काही तसे कारण ठरत नाही. पंचायत परवाना देताना बांधकाम अधिकृत आहे का, कचऱ्याची सोय काय, रस्त्याला अडथळा होतो का, अशाच गोष्टी पाहू शकते. यांपैकी काही खरोखर चुकत असेल तर तेवढाच मुद्दा लेखी मांडा. शेजाऱ्याला अडवण्यासाठी खोटी तक्रार मात्र करू नका. उद्या त्याच रस्त्यावर तुम्हा दोघांनाही बसायचे आहे.

उत्तर २ (अर्थशास्त्राची शिक्षिका, मडगाव)

दुकाने एकसारखी का होतात, याचा विचार अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्येच केला होता. सरळ रस्त्यावर दोन विक्रेते असतील, तर अधिक गिऱ्हाईक ओढण्यासाठी प्रत्येक जण मध्याकडे सरकतो आणि शेवटी दोघे एकमेकांना खेटून उभे राहतात. हॉटेलिंग यांनी हेच मालाच्या बाबतीतही दाखवले: समोरच्यापेक्षा फार वेगळे काही ठेवायला कोणी धजत नाही. आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते आणि ती कमी करायला छोट्या दुकानदाराच्या हातात फारसे काही नसते, त्यामुळे ‘जवळ आहे’ एवढेच त्याचे भांडवल उरते. सात जण जवळ असतील तर ते भांडवलही सात जागी वाटले जाते.

उत्तर ३ (वितरण व्यवसायातून, फोंडा)

मी दुकानांना माल पोचवतो, म्हणून यात आमचाही वाटा आहे हे मान्य करतो. नव्या दुकानदाराकडे आम्ही पहिल्याच आठवड्यात जातो, दहा पेट्यांवर एक फुकट अशी स्कीम सांगतो, कंपनीचा फ्रीज देतो, आणि त्यात कंपनीचीच पेये ठेवावीत अशी अट असते. शिवाय पाकीटबंद माल पुष्कळदा मुदत संपल्यावर बदलून मिळतो, तर सुटा तांदूळ किंवा गूळ खराब झाला तर नुकसान सर्वस्वी दुकानदाराचे. अनुभव नसलेला माणूस सोपे तेच उचलतो. तुमच्या बाबांना पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून अवघड माल त्यांनीच ठेवावा.

उत्तर ४ (गृहिणी, डिचोली)

आमच्या वाड्यावरही पाच दुकाने आहेत, तरी मी दहा मिनिटे चालून एकाच ठिकाणी जाते. तिथे घरगुती सोले (कोकमाच्या वाळवलेल्या साली) मिळतात, उकडे तांदूळ हातात घेऊन पाहता येतात, आणि खोला मिरची व हरमलची मिरची वेगवेगळ्या डब्यांत असते. दुकानदार मिरची हातावर ठेवून सांगतो की ही हुमणाला (माशाच्या आमटीला) आणि ती सुकटीला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आठ दिवस तो माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान ठेवतो, तेव्हा तिथे उभे राहायला जागा नसते. ताजी भाजी मात्र तुम्ही ठेवू नये असे मला वाटते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती अनुदानित दराने मिळते, तिथे तुमचा निभाव लागणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना ही उत्तरे वाचून दाखवली. सुरुवातीला ते गप्प राहिले, मग उधारीची वही काढून बसले आणि कोणत्या घरी अजून उकडा तांदूळ लागतो ते मोजू लागले. एकतीस घरे निघाली. पंचायतीत अर्ज करायचा नाही असे ठरले आहे. दोन फ्रीजपैकी एक परत करून त्या जागी तांदळाची तीन पिंपे मांडणार आहोत. घरगुती सोले आणि कुळीथ थेट शेतकऱ्यांकडून घ्यायचे आहेत. सत्तरी किंवा काणकोण भागात थोड्या प्रमाणात, पन्नास किलोच्या आत, माल देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. पावसाळ्यात सोल्यांना बुरशी येऊ नये म्हणून मिठाचे प्रमाण किती ठेवता, हेही डिचोलीच्या ताईंनी त्यांच्या दुकानदाराला विचारून सांगितले तर फार मदत होईल.