मदत हवी आहे : व्यसनाचा इतिहास असलेल्या गुणी कॉर्नरबॅकला ड्राफ्टमध्ये निवडावे का?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण घेत आहे. या सत्रात आमच्या प्राध्यापकांनी प्रत्येक गटाला एनएफएलमधील (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील) एक संघ आणि त्या संघाची एक जुनी निवड नेमून दिली आहे. आमच्या वाट्याला अ‍ॅरिझोना कार्डिनल्सची २०१३ मधील तिसऱ्या फेरीतील, म्हणजे एकूण ६९वी निवड आली. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, अर्थात एलएसयूने, संघातून काढून टाकलेला टायरन मॅथ्यू त्या क्षणी अजून शिल्लक आहे. त्याला घ्यावे की त्याचे नाव यादीतून खोडावे, याची लेखी शिफारस आम्हाला करायची आहे. अट एकच आहे : २६ एप्रिल २०१३ नंतर घडलेले काहीही युक्तिवादात वापरायचे नाही. मॅथ्यूची पुढची कारकीर्द येथील फुटबॉलप्रेमींना माहीत आहेच, त्यामुळे ‘घ्यायलाच हवा होता’ असे म्हणणे सोपे आहे. त्या रात्री त्या खोलीत बसलेल्या माणसाने कशाच्या आधारे निर्णय घ्यायला हवा होता, हे ठरवायला मला मदत हवी आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात किंवा तरुण मुलांच्या भरतीच्या कामात असलेल्यांची मते मला विशेष हवी आहेत, आणि त्यांनी हा खेळ पाहिलेला असेलच असे नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. एनएफएलचे ३२ संघ दरवर्षी सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात, यालाच ड्राफ्ट म्हणतात, आणि आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला सहसा सर्वांत आधी संधी मिळते. कॉर्नरबॅक म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) मैदानाच्या कडेला एकट्याने रोखणारा बचावपटू. त्याची एक चूक बऱ्याचदा थेट टचडाउनच्या (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळणाऱ्या गुणांच्या) रूपाने फलकावर दिसते, म्हणून या जागेसाठी संघ निडर, काहीसा हट्टी स्वभाव मुद्दाम शोधतात.

मॅथ्यूच्या गुणांबद्दल आमच्या गटात वाद नाही. २०११ च्या हंगामात सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा बेडनारिक पुरस्कार त्याला मिळाला आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो पाचवा आला; बचावपटूच्या बाबतीत ही गोष्ट क्वचितच घडते. त्या वर्षी आर्कान्सासविरुद्ध त्याने पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) झेलून ९२ यार्ड पळत टचडाउन केला, आणि पुढच्याच आठवड्यात जॉर्जियाविरुद्धच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ६२ यार्डांचा आणखी एक. मी या दोन्ही धावांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहिली आहे. जॉर्जियाविरुद्धच्या धावेत तो सरळ रेषेत पळतच नाही. समोरचा खेळाडू कोणत्या पायावर भार टाकतो आहे हे पाहून तो त्याच्या उलट बाजूला वळतो, आणि हे तो एकदा नव्हे, त्याच धावेत अनेकदा करतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातून हिसकावून घेण्याची त्याची हातोटीही तशीच, दुसऱ्याची हालचाल आधी ओळखण्यातून आलेली आहे.

शरीरयष्टीचे प्रश्न मात्र आहेत. उंची जेमतेम ५ फूट ९ इंच, वजन सुमारे १८६ पौंड, आणि फेब्रुवारीत इंडियानापोलिसला झालेल्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांमध्ये, २२५ पौंडांचा बेंच प्रेस त्याला केवळ ४ वेळा जमला. ४० यार्डांची वेळ ४.५ सेकंदांच्या आसपास. कडेला उंच रिसीव्हरसमोर तो कमी पडेल असे मला वाटते, आणि म्हणून त्याला कॉर्नरबॅक म्हणून घेऊन सेफ्टी (बचावफळीत सर्वांत मागे राहणारा खेळाडू) किंवा आतल्या बाजूच्या जागेवर खेळवावे, असे मी अहवालात लिहिणार आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याला ऑबर्नविरुद्धच्या सामन्यातून निलंबित केले गेले. १० ऑगस्ट २०१२ रोजी प्रशिक्षक लेस माइल्स यांनी संघाचे नियम मोडल्याबद्दल त्याला संघाबाहेर काढले. अमली पदार्थांच्या चाचण्यांमध्ये तो वारंवार दोषी आढळल्याचे वृत्त होते. त्यानंतर तो ह्यूस्टनला, माजी बास्केटबॉलपटू जॉन लुकस यांच्या उपचार कार्यक्रमात दाखल झाला, पुढे विद्यार्थी म्हणून एलएसयूत परतला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये गांजाच्या प्रकरणात त्याला अटक झाली. २०१२ चा पूर्ण हंगाम तो खेळलेला नाही. न्यू ऑर्लिन्समधील त्याच्या घरची कहाणी वृत्तपत्रांत पुष्कळ छापून आली आहे : वडील जन्मठेप भोगत आहेत आणि त्याला काका-काकूंनी दत्तक घेऊन वाढवले. ड्राफ्टच्या दिवशी तो अजून २१ वर्षांचाही झालेला नाही.

गटातील दोघांचे मत ठाम नकाराचे आहे. ते अ‍ॅडम ‘पॅकमॅन’ जोन्सचे उदाहरण देतात. २००५ मध्ये टेनेसी टायटन्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले; दोनच हंगामांनंतर, लास व्हेगासमधील गोळीबाराच्या घटनेसह अनेक प्रकरणांमुळे, त्याला २००७ चा पूर्ण हंगाम निलंबित करण्यात आले आणि २००८ मध्ये टायटन्सने त्याला डॅलसकडे धाडून दिले. मी त्याच्यासमोर जनोरिस जेनकिन्सला ठेवतो. फ्लोरिडा विद्यापीठाने त्याला गांजाच्या प्रकरणांतील अटकांनंतर काढून टाकले, तो नॉर्थ अलाबामाकडून खेळला, आणि २०१२ मध्ये सेंट लुइस रॅम्सने त्याला ३९व्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच वर्षी त्याने बचावपटू असूनही चार टचडाउन केले. मात्र त्याच हंगामात सान फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात संघाचा नियम मोडल्याबद्दल प्रशिक्षक जेफ फिशर यांनी त्याला बाहेर बसवले होते. मला हा प्रसंग जेनकिन्सच्या विरोधात जाणारा वाटत नाही. तो ज्या संघात गेला त्या संघाला एका सामन्याची किंमत मोजून लगेच रेषा आखता आली, आणि मुलगा त्यानंतर पुन्हा खेळला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझा कल होकाराकडे आहे, आणि त्याचे कारण असे की मॅथ्यूबद्दल जे काही नोंदीत आहे त्यात दुसऱ्या कोणाला इजा केल्याची घटना नाही. स्त्रीवर हात उगारणारा किंवा बंदूक रोखणारा खेळाडू आणि गांजा सोडता न येणारा खेळाडू यांना ‘चारित्र्याचा प्रश्न’ या एकाच रकान्यात टाकण्याची स्काउटिंगमधील (खेळाडू हेरण्याच्या कामातील) सवय मला अन्यायकारक वाटते. पहिल्या प्रकारात संघाने कोणत्याही फेरीत हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या प्रकारात धोका मुख्यतः त्या मुलाला आणि संघाच्या गुंतवणुकीला आहे. २०१३ च्या नियमांनुसार पुन्हा दोषी आढळल्यास चार सामन्यांपासून वर्षभरापर्यंत निलंबन होऊ शकते, हा धोका खरा आहे, परंतु लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०११ च्या करारानंतर तिसऱ्या फेरीतील खेळाडूला चार वर्षांसाठी द्यावी लागणारी रक्कम संघाला पेलवणारी आहे.

शिवाय प्रश्न या विशिष्ट संघाचा आहे. एलएसयूमध्ये मॅथ्यूसोबत खेळलेला पॅट्रिक पीटरसन २०११ पासून कार्डिनल्समध्ये आहे, आणि त्याच रात्री दुसऱ्या फेरीत, ४५व्या क्रमांकावर, संघाने एलएसयूचाच लाइनबॅकर (बचावफळीतील मधल्या रांगेचा खेळाडू) केव्हिन मिंटर याला घेतले आहे. व्यवस्थापक स्टीव्ह कीम आणि प्रशिक्षक ब्रूस एरियन्स दोघेही जानेवारीतच नेमले गेले आहेत. माहितीतला माणूस जवळ असणे हा आधार आहे की जुन्याच संगतीत परत जाणे आहे, हे मला ठरवता येत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. उपचारांनंतर दोन-तीन महिन्यांत पुन्हा पकडले जाणे हे उपचार फसल्याचे लक्षण मानावे का? मुलाखतीत त्याला नेमके काय विचारावे, आणि त्याच्याखेरीज कोणाशी बोलावे? करारात नियमित चाचणीची अट घातली तर तिचा त्याला उपयोग होईल, की त्याचा अपमान होईल? पीटरसनवर त्याची जबाबदारी सोपवणे योग्य आहे का?

प्रतिसाद १

मी महाराष्ट्रातील एका व्यसनमुक्ती केंद्रात अनेक वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे. फुटबॉल मला समजत नाही, त्यामुळे फक्त माझ्या विषयापुरते लिहिते.

उपचारांनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत घसरण होणे अतिशय सामान्य आहे, आणि तेवढ्यावरून उपचार वाया गेले असे आम्ही कधीच म्हणत नाही. ऑक्टोबरमधील अटकेनंतर त्याने काय केले, हे पाहा. तो जुन्या खोलीत, जुन्या मित्रांमध्येच राहिला, की गाव बदलले, दिनक्रम बदलला, कोणाला तरी स्वतःहून फोन केला? मुलाखतीत ‘आता पुन्हा करणार नाही ना?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. त्याचे उत्तर प्रत्येक जण एकच देतो आणि देताना त्याला ते खरेच वाटत असते. शेवटची तलफ कधी आली, तेव्हा कुठे होता, सोबत कोण होते, आणि पुढचा एक तास कसा घालवला, हे विचारा. ज्याचे काम सुरू झालेले असते तो बारकाव्यांसह सांगतो. ज्याचे सुरू झालेले नसते तो मोठमोठी आश्वासने देतो.

त्याच्याखेरीज कोणाशी बोलावे, तर वाढवणाऱ्या काकूंशी आणि शाळेतील प्रशिक्षकांशी. उपचार केंद्रातील समुपदेशकाशीही बोला, पण मुलाच्या लेखी संमतीनेच.

मित्राबद्दल मला काळजी वाटते. मित्राने सोबत राहावे, जेवायला बोलवावे, व्यायामाला न्यावे. त्याच्यावर पाळत ठेवायला सांगू नये. आमच्याकडे बायकोला किंवा भावाला पहारेकरी केले की पहिली गोष्ट तुटते ती ते नाते, आणि मग घसरण झाली तर सांगायला माणूसच उरत नाही. चाचणी अवश्य ठेवा. पुष्कळ जणांना ती हवी असते, कारण मित्रांना ‘माझी चाचणी आहे’ असे सांगून नाही म्हणता येते. फक्त तिची वेळ, पद्धत आणि परिणाम त्याच्याशी बोलून आधीच ठरवा.

प्रतिसाद २

तुमच्या अटीबाहेरचे उदाहरण देत आहे, अहवालात वापरू नका, परंतु विचार करताना जवळ ठेवा. लास व्हेगास रेडर्सने २०२० मध्ये ओहायो स्टेटचा कॉर्नरबॅक डेमन आर्नेट याला १९व्या क्रमांकावर घेतले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, बंदूक हातात घेऊन जिवे मारण्याची धमकी देणारी त्याची चित्रफीत पसरल्यावर, त्याला काढून टाकले. त्या वेळी व्यवस्थापक माइक मेयॉक यांनी सांगितले होते की संघाने त्याला सावरण्यासाठी पुष्कळ वेळ आणि साधने खर्च केली होती. म्हणजे ‘आमच्याकडे सांभाळणारी यंत्रणा आहे’ हा होकाराचा पुरेसा आधार होत नाही. दुसरे असे की पहिल्या फेरीतील खेळाडूकडून लगेच उभे राहण्याची अपेक्षा असते आणि त्याला बाहेर बसवताना संघाचाच हात थरथरतो. तिसऱ्या फेरीत हा दबाव पुष्कळ कमी असतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत फेरीचा मुद्दा पैशांपुरता मर्यादित ठेवू नका.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. तलफेविषयीचा प्रश्न मी जसाच्या तसा मुलाखतीच्या आराखड्यात घेतला आहे, आणि पीटरसनचे नाव ‘देखरेख’ या शीर्षकाखालून काढून टाकले आहे. ती जबाबदारी संघाबाहेरच्या समुपदेशकाकडे द्यावी आणि त्या समुपदेशकाने उपचारांचा तपशील प्रशिक्षकांना कळवू नये, असे आता लिहितो आहे. फेरीचा मुद्दाही पटला : ६९व्या क्रमांकावर होकार, पण त्याच संघाच्या ४५व्या निवडीवर मी त्याला घेतले नसते, कारण तेथे त्याला पहिल्या सामन्यापासून मैदानात उतरवण्याची घाई झाली असती आणि एक वर्ष न खेळलेल्या मुलाला ती परवडणारी नाही.

एक गोष्ट अजून अडली आहे. चाचणीत तो पहिल्यांदा दोषी आढळला, तर संघाने काय करावे हे करारात आधीच लिहावे लागेल. नकार देणारे दोघे ‘तत्काळ मुक्त करावे’ असे कलम मागत आहेत आणि त्याखेरीज ते सही करणार नाहीत. मला बोनसची रक्कम दरवर्षी संघात टिकण्याशी जोडावी आणि पहिल्या वेळी पैसे कापून उपचारांना पाठवावे असे वाटते, मात्र दुसऱ्या वेळी काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. समुपदेशक ताईंना विनंती आहे की आपल्या केंद्रात नोकरी देणाऱ्या मालकांशी असा करार कधी केला असल्यास त्यात किती संधी लिहिल्या जात आणि त्या संपल्यावर काय होत असे, हे सवडीने सांगावे.